चार डगरींवर हात

बांदा मागे पडले की मुंबई-गोवा महामार्ग पत्रादेवीला गोव्यात शिरतो. शिरतो म्हणायचे ते पाटीमुळे, नाहीतर डोळ्यांना काही कळत नाही. अलीकडे काजूच्या बागा, पलीकडेही काजूच. अलीकडे जांभ्या दगडाचे गडगे, पलीकडेही तेच. अलीकडच्या गावात सातेरी आणि रवळनाथ, पलीकडच्या गावातही सातेरी आणि रवळनाथ. मध्ये डोंगर आडवा येत नाही की नदी. नाक्याजवळ हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी इथे गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडला.

ज्या रेषेवर माणसे मेली ती रेषा मुळात आखली कोणी? निसर्गाने तर नाहीच, पण इंग्रजांनीही नाही. सावंतवाडीचे खेम सावंत भोसले आणि गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर यांच्यात १७८०च्या दशकात जी झटापट आणि जी देवघेव झाली, तिच्यातून ही हद्द उमटली. त्याआधी पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल सावंतांच्या अमलाखाली होते. आज आपण ज्याला उत्तर गोवा म्हणतो त्याचा बराचसा भाग एका मराठी संस्थानाने गमावलेला किंवा देऊन टाकलेला मुलूख आहे. का दिला, कोणाला वाचवण्यासाठी दिला, आणि तो देण्याआधी दीडशे वर्षे तो कसा राखला, हे पाहायचे तर पेडणे-डिचोलीतून हिंडावे लागते. या वेळी मी सावंतवाडीहून निघालो तो एवढ्याचसाठी.

सावंत हे मूळचे आदिलशाहीतले कुडाळ प्रांताचे सरदेसाई. १६२७च्या सुमारास पहिल्या खेम सावंताने स्वतंत्र कारभाराला सुरुवात केली. पुढे संस्थान म्हणून उरला तो मुलूख जेमतेम सव्वानऊशे चौरस मैलांचा. पण शेजार पाहा. घाटावर आधी आदिलशहा, मग मोगल, मग पेशवे. उत्तरेला आंग्रे आणि कोल्हापूरकर. दक्षिणेला बारदेशच्या किल्ल्यांत पोर्तुगीज. वेंगुर्ल्यात डचांची वखार. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. आणि समुद्रावर, हळूहळू मोठे होत जाणारे, मुंबईकर इंग्रज. यांतला प्रत्येक जण सावंतांपेक्षा थोर. एकाशीही शेवटपर्यंत लढून निभाव लागणार नाही, आणि एकाच्याही पुरते आहारी गेले तर राज्य राहणार नाही. दोन डगरींवर हात ठेवू नये असे आपल्याकडे म्हणतात. सावंतांनी चार डगरींवर ठेवले आणि दोनशे वर्षे काढली.

आपल्या शाळेच्या इतिहासात मात्र त्यांना फार तर एखादी ओळ मिळते, आणि ती बहुधा फितुरीची असते. लखम सावंताने १६५९ मध्ये शिवाजीमहाराजांशी तह केला. मुलखाचा निम्मा वसूल महाराजांना द्यायचा आणि तीन हजार पायदळ चाकरीला ठेवायचे, असे त्यात ठरले होते. थोड्याच दिवसांत तो पुन्हा विजापूरकडे झुकला. महाराजांनी कुडाळावर चाल केल्यावर तो गोव्याच्या हद्दीत शिरला, आणि तिथेही आसरा टिकेना तेव्हा वकील पाठवून पुन्हा महाराजांच्या पायाशी आला. वाचणाऱ्याला वाटते, काय हा माणूस! पण विजापूर अजून जिवंत होते, स्वराज्य दहा-पंधरा वर्षांचे होते, आणि अफजलखानाचे काय होणार हे त्या वर्षाच्या आरंभी कोणालाच ठाऊक नव्हते. कुडाळच्या वाड्यात बसून त्या वर्षी पैज कोणावर लावायची?

पेडणे गाव डोंगराच्या कुशीत आहे. बाजारातून वर गेले की भगवतीचे देऊळ लागते. कोजागिरीला भरणाऱ्या पेडण्याच्या पुनवेला इथे पंचक्रोशी लोटते, हद्दीपलीकडची सिंधुदुर्गातली माणसेही येतात. जवळच देशप्रभूंचा वाडा. हे घराणे इथले जुने वतनदार. राज्य बदलले तरी वतनदार बदलला नाही, उलट पुढे पोर्तुगालच्या राजाने त्यांना पेडण्याचे व्हिस्कोंद केले. एकाच उंबऱ्यावर प्रभूपण आणि व्हिस्कोंदपण सुखाने नांदले. वरच्या राजांच्या अदलाबदलीत खालच्या माणसाने कसे टिकावे, याचा धडा या वाड्याने सावंतांकडूनच घेतला असावा.

पेडण्याहून मांद्रे, हरमल करत केरीला गेलो. समोर तेरेखोल नदीचे मुख, आणि पलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला. जायला फेरीबोट. बोटीवर आमच्याबरोबर चार दुचाक्या, मासळीची टोपली घेऊन बसलेल्या दोघी बायका, आणि शाळेचे दप्तर पाठीला लावलेली पोरे होती. तेरेखोल गोव्याचा, पण गोव्यातून तिथे पोहोचायचे तर पाणी ओलांडायला हवे. महाराष्ट्रातल्या रेडीहून मात्र सडक थेट किल्ल्याशी येते. नदीच्या चुकीच्या तीरावर अडकलेला हा गोव्याचा तुकडा. किल्ला बांधला सावंतांनी, सतराव्या शतकात. खाली खाडीत त्यांची गलबते असत. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला, आत सेंट अँथनीचे चर्च उभे राहिले, आणि गाव कायमचे तिकडचे झाले.

ते १७४६ साल समजून घ्यायला सात वर्षे मागे जायला हवे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पा वसईला वेढा घालून बसले असताना पेशव्यांची दुसरी फौज व्यंकटराव घोरपड्यांच्या हाताखाली साष्टीत उतरली, आणि सावंत बारदेशात घुसले. आग्वाद आणि रेइश मागुश हे किल्ले सोडले तर जवळजवळ सगळा बारदेश त्यांच्या हाती आला. त्या वर्षी गोवा संपल्यातच जमा होता. पण १७४१ मध्ये लिस्बनहून नवा व्हाइसरॉय ताजी फौज घेऊन आला, मार्केश द लोरिसाल. हा मनुष्य गोव्याला नवा नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी, १७१७ मध्ये, कोंद द एरिसैरा या नावाने व्हाइसरॉय असताना त्यानेच शापोऱ्याचा किल्ला नव्याने उभारला होता. शापोरा, कोलवाळ, थिवी, खोर्जुवे ही बारदेशच्या उत्तर अंगाची किल्ल्यांची रांग मुख्यतः भोसल्यांसाठी होती. पर्यटक आज शापोऱ्याच्या तटावर फोटो काढतात. समोर, नदीपल्याड, मोरजीचा किनारा दिसतो. तोफांची तोंडे त्या दिशेला होती, आणि तो तीर तेव्हा सावंतांचा होता. पुढे पेडणेच पोर्तुगिजांकडे आले तेव्हा शापोऱ्याला राखायला काही उरले नाही आणि किल्ला ओस पडला.

लोरिसालने बारदेश परत घेतला आणि सावंतांना तह करायला लावले. त्याच्या नंतर आलेल्या व्हाइसरॉयने थेट सावंतांच्या घरात पाऊल टाकले. त्याचे नाव पेद्रु मिगेल द आल्मेदा. मे १७४६ मध्ये त्याने हळर्ण घेतले, मग डिचोली, साखळी, आणि वर्ष संपायच्या आत तेरेखोल.

हळर्णला जायला पेडण्याहून आत, पूर्वेकडे वळावे लागते. रस्ता शेतांतून, पोफळींतून जातो आणि एकदम नदीकाठी किल्ला पुढे येतो. किल्ला म्हणून मनात जे चित्र असते त्याच्या पाव हिश्शाचा. जांभ्या दगडाचा तट, कोपऱ्यांवर बुरूज, आत थोडी मोकळी जागा, आणि खाली संथ पाण्याची नदी, जी पुढे शापोऱ्याला समुद्राला मिळते. अलीकडे डागडुजी झाली आहे. नव्या गिलाव्याचा रंग जुन्या चिऱ्यापासून वेगळा ओळखू येतो. तटाच्या जंग्यांतून पाहिले की नदीचे वळण बरोबर टप्प्यात येते. होडी कुठूनही येवो, ती दिसल्याशिवाय राहणार नाही. पाण्याकडच्या अंगाला चिऱ्यांच्या सांध्यांत वडाच्या मुळ्या शिरल्या होत्या, आणि त्या मुळ्यांनीच तो कोपरा धरून ठेवला आहे की पाडायला घेतला आहे, ते सांगणे कठीण होते.

खाली बांधावर गुरे घेऊन आलेले एक आजोबा भेटले. ‘किल्लो बघूक आयल्यात?’ त्यांनी विचारले. मग आपणच म्हणाले, ‘भोसल्यांचो तो.’ पोर्तुगिजांनी इतकी वर्षे सांभाळला ना, असे मी म्हटले. त्यांनी मान हलवली. ‘सांभाळलो तेणीं, पण बांधलो भोसल्यांनी.’ एवढे बोलून ते गुरांमागे गेले.

या एवढ्याशा गढीचे नाव लिस्बनमध्ये मात्र फार मोठे झाले. ती घेतल्याबद्दल पोर्तुगालच्या राजाने आल्मेदाला मार्केश द आलोर्ना ही पदवी दिली. आलोर्ना म्हणजे हळर्णचे पोर्तुगीज रूप. त्याची नात लियोनोर पुढे मार्केझा द आलोर्ना या नावाने पोर्तुगीज साहित्यातली नामांकित कवयित्री झाली. लहानपणीच राजाच्या गैरमर्जीमुळे घराण्यावर संकट आले आणि तिची अठरा वर्षे मठाच्या नजरकैदेत गेली. लिस्बनजवळ आल्मैरी इथे या घराण्याचा मळा होता. आजही तिथे द्राक्षे पिकतात आणि बाटलीवर आलोर्ना हेच नाव छापतात. पेडण्यातल्या ज्या गावाची गोव्यातच फारशी कोणाला आठवण नाही, ते युरोपात जेवणाच्या मेजावर आहे.

मात्र मार्केशची जीत त्याच्या पदवीइतकी टिकली नाही. डिसेंबर १७६१च्या तहात पोर्तुगिजांनी हळर्ण, डिचोली, साखळी सावंतांना परत दिली. रणात गेलेले तहात आले. पुन्हा वीस वर्षांनी, ऑगस्ट १७८१ मध्ये, सावंत कोल्हापूरकरांच्या भांडणात गुंतलेले पाहून पोर्तुगिजांनी दोन-तीन दिवसांच्या अंतराने हळर्ण आणि डिचोली दोन्ही घेतली. पस्तीस वर्षांत गढीने तीन वेळा धनी बदलला, आणि प्रत्येक वेळी कारण किल्ल्याच्या बाहेर होते: वसईत, लिस्बनमध्ये, कोल्हापुरात. लहान राज्याच्या किल्ल्याचे भवितव्य त्याच्या तटावर क्वचितच ठरते.

डिचोली हे गजबजलेले गाव आहे. खनिजाच्या धंद्याने श्रीमंत केलेले आणि त्याच धंद्याने धूळ चारलेले. बाजारात अजून मातीची भांडी आणि पितळेच्या समया मिळतात. गावालगत टेकाडावर नमाजगाह आहे: जांभ्याचे साधे बांधकाम, उघडे पटांगण, पश्चिमेला मिहराब. औरंगजेबाच्या बंडखोर मुलासाठी, शहाजादा अकबरासाठी, संभाजीमहाराजांनी ते बांधले असे इथे सांगतात; काही जण त्याचा संबंध विजापूरशी जोडतात. बांधकाम कोणाचेही असो, अकबर १६८३ मध्ये या गावात होता हे पक्के.

त्या हंगामात डिचोलीने सर्वांत विलक्षण बैठक पाहिली. बापाविरुद्ध बंड करून अकबर दुर्गादास राठोडासह मराठ्यांच्या आश्रयाला आलेला, इराणला जाण्यासाठी जहाज शोधत होता. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि संभाजीमहाराज चालून आल्यावर तो तिथून कसाबसा सुटला. नोव्हेंबरच्या अखेरीस मराठ्यांनी जुवे बेट घेतले, म्हणजे जुन्या गोव्याच्या अगदी दारात पाऊल ठेवले. व्हाइसरॉयने बाँ जेजूच्या चर्चमध्ये जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला. वकिलीसाठी त्याने कोणाला पाठवले? निकोलाव मनुची या व्हेनिसच्या माणसाला, जो दिल्लीत मोगलांकडे राहून आलेला, थोडी वैद्यकी आणि बरीच फारसी जाणणारा. तहाच्या बोलाचालीत मध्यस्थ म्हणून अकबर. म्हणजे पोर्तुगीज आणि मराठे यांच्यामध्ये एक इटालियन आणि एक मोगल!

इतक्यात जानेवारी १६८४ मध्ये अकबराचाच भाऊ शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला. त्याने डिचोली जाळली, उद्ध्वस्त केली. पण कोकणात फौजेला खायला घालायचे काय? रसद समुद्रातून, मांडवीतून आणायची तर पोर्तुगिजांची परवानगी हवी. आणि मोगलांचे आरमार एकदा नदीत आले की ते परत जाईल याची पोर्तुगिजांना खात्री नव्हती. त्यांनी हात आखडता घेतला. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे फक्त म्हणायला. उपासमार आणि रोगराईने पोखरलेली ती फौज महिन्याभरात आल्या वाटेने घाट चढून गेली.

या सगळ्यात सावंत कुठे होते? दुसरे खेम सावंत मोगल आणि पोर्तुगिजांकडे सरकत होते. १६८५ मध्ये त्यांनी संभाजीमहाराजांविरुद्ध पोर्तुगिजांशी करार केला. मराठी वाचक म्हणून माझ्या मनाला हे बोचते. पण वीस वर्षांनी, १७०५-०६ मध्ये, तेच पोर्तुगीज त्याच खेम सावंतांवर उलटले, डिचोलीवर चालून आले आणि खोर्जुवे बेट घेऊन बसले. १७०७ नंतर शाहूमहाराज साताऱ्यास आल्यावर खेम सावंत त्यांच्या छत्राखाली गेले. १७३० मध्ये त्यांचे वारस फोंड सावंत यांनी आंग्र्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. या यादीत सूत्र शोधायचे झाले तर एकच सापडते: ज्या वर्षी जो सर्वांत बलाढ्य आणि सर्वांत जवळचा, त्याच्या विरुद्ध दिशेला मैत्री करायची. निष्ठेच्या फूटपट्टीने हे घराणे नापास होईल. पण निष्ठा ठेवायला सुरक्षितता लागते, आणि ती सावंतांना कोणीच देऊ केली नव्हती.

डिचोलीहून नार्वे जवळ आहे. मांडवीपलीकडे दिवाडी बेट. तिथल्या जुन्या नार्वेत कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. कदंबांच्या नाण्यांवरही या देवाचे नाव असे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले. लोकांनी लिंग नदीपार आणून डिचोली महालात बसवले, कारण इकडे आदिलशाही होती. १६६८च्या कार्तिकात शिवाजीमहाराजांनी इथे देवळाच्या बांधकामाला आरंभ केला, असे दारावरचा शिलालेख सांगतो. मी गेलो तेव्हा देवळात गर्दी नव्हती. झाडीत, सखल जागी, डोंगराला पाठ लावून बसलेले देऊळ. समोर दीपमाळ. २०२३ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला, म्हणून सगळे स्वच्छ, उजळ. शिलालेखाची अक्षरे उभ्याने वाचता येतात: शक, संवत्सर, तिथी, वार, आणि महाराजांचे नाव. मोजक्या शब्दांत काम उरकलेले.

मला तो लेख धार्मिक जितका वाटतो तितकाच राजकारणाचा वाटतो. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, महाराजांची फौज बारदेशात उतरली होती. लखम सावंत आणि इतर देसाई पोर्तुगीज हद्दीत लपून इकडे उपद्रव देत होते, हे त्याचे कारण. डिसेंबरात तह झाला आणि देसायांना सरहद्दीवर राहू देणार नाही अशी हमी पोर्तुगिजांनी दिली. त्यानंतर वर्षाच्या आत, पाडलेल्या देवाचे देऊळ महाराजांनी पोर्तुगिजांच्या डोळ्यांसमोर, एका नदीच्या अंतरावर बांधायला घेतले. याहून स्पष्ट खलिता कोणत्या वकिलाने नेला असता?

वकिलांचा विषय निघालाच आहे तर पणजीला जायला हवे. गोव्याच्या पुराभिलेखागारात शेजारच्या राजांची पुस्तके म्हणून ओळखली जाणारी दप्तरांची एक मालिका आहे. गोवा सरकारने आजूबाजूच्या सत्ताधीशांना पाठवलेल्या पत्रांच्या नकला त्यांत आहेत. त्यांत सावंतांचे नाव ‘बोंसुलो’ असे येते. ही दप्तरे मराठी वाचकाला उघडून दाखवली ती पांडुरंग पिसुर्लेकरांनी. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचा हा माणूस १८९४ मध्ये जन्मला, १९३१ पासून त्याने हे दप्तरखाने सांभाळले, लावले, छापले. पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढलेले त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ आजही या विषयाचा पाया आहे. आणि १९५२चे त्यांचे पोर्तुगीज पुस्तक तर पोर्तुगिजांच्या हिंदी वकिलांवरच आहे.

त्या वकिलांची नावे वाचताना गंमत वाटते. पोर्तुगिजांतर्फे शिवाजीमहाराजांकडे जाणारा रामजी शेणवी कोठारी. सावंतांतर्फे महाराजांकडे गेलेला पीतांबर शेणवी. पुढे पुण्याच्या दरबारात पोर्तुगिजांची वकिली करणारे नारायण शेणवी धुमे. दोन्ही पक्षांच्या बाजूला एकाच समाजाची, एकाच बोलीत घरी बोलणारी, मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही जाणणारी माणसे. राजे एकमेकांची गावे जाळत होते तेव्हा हे लोक पाटावर बसून कलमे घोटत होते. त्यांच्या कलमांना आयुष्य किती, तर १७७९च्या पुणे दरबारच्या तहाची आणि त्यानंतरच्या मराठी सनदांची चिकित्सा १९६० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला करावी लागली. दादरा-नगरहवेलीच्या वाटेबद्दल पोर्तुगालने भारतावर केलेला दावा तिथे चालला होता. पेशव्यांनी दिला होता तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाला दिसले.

आता पुन्हा पेडण्याकडे. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ गादीवर होते. सावंतांच्या परराष्ट्रनीतीचा कळस आणि तिची अखेर, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत. १७६३ मध्ये त्यांनी शिंदे घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न केले आणि त्याच सुमारास दिल्लीच्या बादशहाकडून राजेबहादुर हा किताब मिळवला. चिमूटभर कोकणी राज्याचा हात एकदम ग्वाल्हेर-दिल्लीपर्यंत पोहोचला. पेडणे महालातल्या केरीचे जिवबादादा बक्षी पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेत फार वर चढले, हे त्याच वाटेवरचे. पण किताबाने शेजारी चिडले. सावंतांना मोर्चेलांचा मान मिळालेला कोल्हापूरकरांना सोसवेना, आणि त्यांच्याशी वर्षानुवर्षे लढाई जुंपली. तिकडे इंग्रजांनी १७६५ मध्ये रेडी घेतली. पुढच्या वर्षीच्या तहात तेरा वर्षांसाठी वेंगुर्ला गहाण पडले आणि मुदत संपल्यावरही इंग्रज ते सोडीनात. तेव्हा १७८० मध्ये सावंतांनी ते लुटून परत घेतले. त्याच वेळी दक्षिणेकडून पोर्तुगीज डिचोली गिळत होते.

अखेर जानेवारी १७८८ मध्ये खेम सावंतांनी पेडणे रीतसर पोर्तुगिजांना दिले. बदल्यात कोल्हापूरकरांविरुद्ध मदत. उत्तरेचे घर वाचवायला दक्षिणेची पडवी देऊन टाकली. हे नामुष्कीचे वाटते खरे. पण सव्वाशे वर्षांनी सयामच्या राजाने तेच केले, तेव्हा जगाने त्याला धूर्त म्हटले. १९०७ मध्ये बट्टंबंग आणि सिएम रीप फ्रेंचांना, १९०९ मध्ये केडा, केलंतान, त्रेंगानू, पर्लिस इंग्रजांना देऊन सयामने उरलेला देश स्वतंत्र राखला.

फरक एवढाच की सयामला दोन बलाढ्य शेजारी शेवटपर्यंत लाभले. सावंतांचे शेजारी मात्र एकेक करून संपत गेले. १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांकडे कायमचे गेले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. फेब्रुवारी १८१९च्या तहाने सावंतवाडीने कंपनीचे वर्चस्व मानले आणि परराज्यांशी परस्पर बोलण्याचा हक्क सोडला. चार डगरींपैकी एकच उरली, मग हात कुठे ठेवणार? १८४४ मध्ये संस्थानात बंड झाले तेव्हा बंडवाले हद्द ओलांडून गोव्यात गेले, लखम सावंत गेला होता तसेच. त्या रेषेचा तो शेवटचा मोठा उपयोग. लहान राज्याची मुत्सद्देगिरी त्याच्या हुशारीवर चालते असे आपण समजतो. ती चालते ती मोठ्यांच्या आपसांतल्या भांडणावर. भांडण मिटले की हुशारीला गिऱ्हाईक राहत नाही.

दिलेल्या मुलखाचे काय झाले? तो उशिरा गेला, हे त्याच्या पथ्यावर पडले. सोळाव्या शतकात बारदेश-साष्टीत देवळांचा जो विध्वंस झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे-डिचोलीत झाला नाही. या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे मागून मिळवलेल्या मुलखातल्या, प्रजेचा धर्म आणि चालीरीती राखण्याचे पोर्तुगिजांनी मान्य केले होते, आणि १८२४ मध्ये त्या चालीरीतींची संहिताही निघाली. म्हणून मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई आणि तिचे अग्निदिव्य, पार्सेची भगवती आजही जागच्या जागी आहेत. म्हणून या दोन तालुक्यांत देवळांतली भजने मराठीत होतात. इथे मराठी टिकली याचे थोडे श्रेय सावंतांनी दीडशे वर्षे या मुलखाला दिलेल्या उशिराला द्यायला हवे.

तरीही हिशेब पुरता मांडायचा तर दुसरी बाजू लिहायलाच हवी. सावंतांच्या स्वाऱ्यांत बारदेशची गावे जळली, पोर्तुगिजांच्या स्वाऱ्यांत डिचोलीची. तह झाले ते वाड्यांत आणि व्हाइसरॉयच्या दिवाणखान्यांत. पेडण्याच्या कुळवाड्याला कोणी विचारले नव्हते. माझे मत असे झाले आहे की सावंतांना फितूर म्हणणे अडाणीपणाचे आहे, आणि त्यांना थोर मुत्सद्दी म्हणणे अर्धवट. राज्य टिकवणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी चोख केले. त्या कामाची किंमत पेडणे-डिचोलीने भरली. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पेडण्याला त्यासाठी डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.